शनिवारचं खत

"पुन्हा त्याच मेल्याच्या शेतावर?" समोरच्या काकूंनी भाज्यांच्या सालांची पिशवी तिच्या हातात देत विचारलं.

"शेतानं काय घोडं मारलंय माझं?" ती हसली.

"धन्य आहे बाई तुझी! मी असते तर त्या वाटेला थुंकलेही नसते."

लोकांचे कपडे शिवून पोट भरणारी ही बाई सगळ्या इमारतीच्या ओल्या कचऱ्याचं गच्चीवर खत करायची आणि दर शनिवारी गावाबाहेरच्या सेंद्रिय शेताला फुकट द्यायची. ते शेत तिच्या नवऱ्याचं होतं. नवरा म्हणायचं ते आता निव्वळ जुन्या सवयीनं. लग्न होऊन आली तेव्हा तिथे नुसता मुरूम होता. तिनं दगड वेचले, शेणात हात घातले, औषधाचा थेंब पडू दिला नाही. माती काळी, भुसभुशीत झाली आणि त्याच वर्षी त्यानं दुसरी घरात आणली. हिला बाहेर काढताना म्हणाला, "जमीन माझ्या नावावर आहे. तू कोण?"

ती कोण, हे ती आता दर शनिवारी दाखवत होती.

दुपारी इमारत कामावर गेली की ती गच्चीवर जायची, नाकातोंडाला पदर बांधायची आणि तयार खतात तणनाशक कालवायची. मग वास मरेपर्यंत ते उन्हात पसरून ठेवायची.

पहिल्यांदा गेली तेव्हा तो हाकलून देईल अशी तिला धास्ती होती. पण त्यानं स्वतः पुढे होऊन बादली उचलली.

"झालं गेलं विसरलीस, बरं केलंस."

"मातीशी कुठे माझं भांडण होतं?"

"तुझं खत म्हणजे सोनं. पाण्यात कालवून पाटानं सोडतो, सगळ्या वाफ्यांना पोचतं."

घरी येताना तिला हसू आवरेना. गडी आपल्याच हातानं आपली कबर खणत होता.

आधी घेवड्याची पानं आखडली. मग टोमॅटो बसले. भाजी न्यायला येणाऱ्या गाड्या कमी झाल्या, मग बंदच झाल्या. एकदा तिनं नकळत मूठभर माती उचलली. पूर्वी एवढ्याशा मातीत दोन-तीन गांडुळं वळवळायची. आता एकही नव्हतं. तिनं मूठ घट्ट मिटली. पण "तू कोण" कानात वाजलं आणि तिनं मूठ सैल सोडली.

त्या शनिवारी ती पोचली तेव्हा फाटकावरची सेंद्रिय शेतीची पाटी काढलेली होती. दोन माणसं टेप धरून शेत मोजत होती. माती तपासणारे असणार, असं तिला वाटलं. तो बांधावर एकटाच बसला होता. हाच क्षण बघायला तर ती एवढे दिवस बादल्या वाहत होती.

"काय झालं हो?" तिनं जमेल तेवढा कळवळा आवाजात आणला.

"संपलं सगळं. सरकारी लोक माती तपासून गेले, जमीन मेली म्हणाले. इथं आता कुसळही उगवणार नाही."

"अरेरे! एवढी सोन्यासारखी जमीन! आता काय करणार तुम्ही?"

त्यानं थर्मासमधला चहा कपात ओतून तिच्यापुढे धरला.

"घरं बांधणार. ते मोजणारे बिल्डरचेच आहेत. पिकत्या जमिनीवर बांधकामाला परवानगी देत नव्हते. किती वर्षं खेटे घालतोय मी!"

तिनं कप घेतला, पण तो ओठांपर्यंत जाईना.

"मीच काही टाकलं असतं तर माझ्याच गळ्याशी आलं असतं," तो शांतपणे म्हणाला. "लोकांनी दिलेल्या खताचं मी काय करणार?"

"तुम्हाला... माहीत होतं?"

"पहिल्याच बादलीला वास आला होता."

तो कपडे झटकत उठला. डोळ्यांवर हात धरून त्यानं सगळ्या शेतावरून नजर फिरवली आणि पलीकडे बोट दाखवलं.

"फक्त विहिरीकडचा तुकडा अजून हिरवा आहे. पुढच्या शनिवारी जरा जास्त घालून आण."