केंब्रिजचं स्थळ

"टर्की माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही," सुनीतीबाई म्हणाल्या. "भोपळा खायचा सण आहे ना? मग घारगे करते. आणि तू हे काय घातलंयस? मुलगा यायचाय आणि तू शाळेच्या कुडत्यात?"

"नववीचा वर्ग मला रोज यातच बघतो. कुणाची तक्रार नाही," मीनल म्हणाली. "तू मात्र नारायणपेठी नेस हं, जांभळी."

"मला कोण बघतंय!"

"घरची माणसं पण बघतात, आई."

मीनल सप्टेंबरात ठाण्याहून केंब्रिजला गणित शिकवायला आली होती. पहिल्या आठवड्यात मुलांनी तिच्या उच्चारांची नक्कल केली. तिनं नक्कल करणाऱ्याला फळ्यापाशी बोलावलं आणि त्याच उच्चारात गणित सोडवून दाखवायला सांगितलं. त्यानंतर वर्ग तिचा झाला. सेकंडहँड सायकल झाली, हातमोजे झाले. त्या काळी फोनवर चेहरे दिसत नसत. फोनचं कार्ड खरवडून नंबर फिरवायचा आणि कार्ड संपेपर्यंत ठाण्याशी बोलायचं, तेही अंगवळणी पडलं. शहराची भीती अशी उरली नव्हती.

एकच काम राहिलं होतं. आई उद्याच्या विमानानं परत जाणार होती, आणि त्याआधी मीनलला हे स्थळ पक्कं करायचं होतं. एकदा आई ठाण्याला पोचली की हा विषय फोनवर पुढे सरकला नसता.

डॉक्टर जयंत कारखानीस आणि त्यांचा मुलगा अनय तिला महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत भेटले होते. डॉक्टर भूलतज्ज्ञ म्हणून इथल्याच हॉस्पिटलातून निवृत्त झालेले. पत्नी खूप वर्षांपूर्वी गेलेली. अनय ब्रॅकनेलला कॉम्प्युटर कंपनीत. माणसं सरळ, घर मोकळं. दुसऱ्याच दिवशी मीनलनं आईला फोन केला होता, "ये लवकर. स्थळ बघून ठेवलंय."

थँक्सगिव्हिंगची कल्पना शाळेतल्या अमेरिकन शिक्षिकेची. गुरुवारचा सण मीनलनं शनिवारी दुपारी ठेवला. दिवाळीचा फराळ म्हणून बोलावलं असतं तर अख्ख्या मंडळात चर्चा झाली असती. या सणाला इंग्लंडात कुणी कुणाकडे जात नाही.

"तुझे बाबा असते तर बोलणी त्यांनी केली असती," सुनीतीबाई निऱ्या करता करता म्हणाल्या.

"मी करते ना."

"स्वतःच? लोक काय म्हणतील?"

बेल वाजली.

डॉक्टर फुलं घेऊन आले होते. अनय वाइनची बाटली लपवावी की द्यावी या विचारात उभा होता. सुनीतीबाईंनी ती हातातून घेतली आणि दुधाच्या पिशवीसारखी फ्रिजमध्ये ठेवून दिली.

जेवताना डॉक्टर रंगात आले. "मी बोलायला लागलो की लोक झोपायचे. मला पगारच त्याचा मिळायचा."

"मग जेवण होईपर्यंत जरा गप्प बसा," सुनीतीबाई म्हणाल्या, आणि मग जीभ चावली. डॉक्टर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"हा भाजी खूप छान आहे," अनय म्हणाला.

"ही भाजी," सुनीतीबाई म्हणाल्या.

"सॉरी, ही. आमच्याकडे बाबा फक्त बीन्स ऑन टोस्ट करतो."

"का हो काका, स्वयंपाक येत नाही?" मीनलनं विचारलं. "आणि तब्येत? बीपी वगैरे?"

"उत्तम. रोज नदीकाठानं फिरतो."

"ठाण्याला जाऊन राहायची वेळ आली तर? आवडेल?"

सुनीतीबाईंनी तिला टेबलाखालून चिमटा काढला. "अगं, मुलाला काहीतरी विचार," त्या पुटपुटल्या. "त्यांना काय विचारत बसलीस!"

शेवटी, या सणाच्या प्रथेप्रमाणे, प्रत्येकानं आभार मानायची वेळ आली.

"घरात कसले आभार?" सुनीतीबाई म्हणाल्या. "आपल्या माणसांना थँक यू म्हणायचं म्हणजे त्यांना परकं करायचं."

"मी परकाच आहे. मला म्हणू द्या," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "अनयची आई गेल्यापासून मला आग्रह करून कुणी वाढलं नव्हतं. त्याचे आभार."

 सुनीतीबाईंनी डॉक्टरांच्या पानात न विचारता आणखी एक घारगा टाकला.

जेवण आटोपल्यावर सुनीतीबाईंनीच रिवाज पाळला. "जा, दोघं मागच्या अंगणात बोलून या. मोकळेपणानं."

"आम्ही भांडी बघतो," डॉक्टर म्हणाले.

बाहेर गारठा होता. बोललं की तोंडातून वाफ येत होती. अनयनं दोन्ही हात खिशात घातले.

"मीनल, आय ॲम सो सॉरी. मला आधीच सांगायला पाहिजे होतं. माझी गर्लफ्रेंड आहे. बाबाला अजून माहीत नाही."

"मला माहीत आहे. दिवाळीत जिन्यात बसून फोनवर तिच्याशीच गुलुगुलु चाललं होतं ना?"

"तुला माहीत होतं?" तो गोंधळला. "मग हे सगळं का केलं? मला का बोलावलं?"

स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा लागला होता. डॉक्टर बाह्या दुमडून ताटं विसळत होते, सुनीतीबाई पुसत होत्या. डॉक्टर काहीतरी म्हणाले आणि सुनीतीबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

मीनल क्षणभर बघत राहिली. मग तिनं ओढणी खांद्यावर नीट घेतली आणि थोरामोठ्यांसारखा घसा खाकरला.

"बसा अनयराव. मुलीकडची मोठी मी, मुलाकडचे मोठे तुम्ही. सांगा, आमची आई पसंत आहे का तुम्हाला?"