व्हॅसलिनचा हात

हात थरथरायला लागले आणि थोरल्याचं मॉडेल-गाड्या बनवणं सुटलं. धाकट्यानं नेमका तेव्हाच तो नाद लावून घेतला. "दादा, रेझिनमध्ये सुटे भाग ओतायचेत, साचा कसा करू?" असा त्याचा फोन आला, तेव्हा थोरल्यानं अगदी गोडीगुलाबीनं सगळं सांगितलं. मूळ भाग डबीत ठेवून आधी अर्ध्यापर्यंत पातळ सिलिकॉन रबर ओत, ते घट्ट झालं की उलटं कर आणि वरून उरलेलं ओत.

मधे व्हॅसलिनचा हात फिरवायचा असतो, नाहीतर दोन्ही थर चिकटून एकच गोळा होतो, एवढंच तेवढं त्यानं पोटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी धाकटा रुमालाची पुरचुंडी घेऊन दारात उभा. "गोळा कापावा लागला रे दादा. आतली मूळ जाळीच मोडली, गाडीच्या तोंडावरची."

"अरेरे! नवशिक्याचं असंच होतं," थोरला म्हणाला, पण आतून त्याला नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "कुणाची होती?"



धाकट्यानं पुरचुंडी उघडली. "तुझीच. वहिनीकडून गुपचूप नेली होती. म्हटलं, तुझ्या हातची शेवटची जाळी आहे, वाढदिवसाला तुला तशाच दहा ओतून देऊ."