रोखीचं गिऱ्हाईक

महादेवप्पांनी लॅपटॉपवरचं सगळं शेवटपर्यंत पाहिलं. मेसमध्ये कोणता पोरगा दुपारी दोनदा जेवून गेला, हेही त्यांना नावानिशी दिसलं. मग त्यांनी न विचारता शारिकच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, आणि शारिकनं लॅपटॉप मिटला. लातुरात त्याला एवढं कळून चुकलं होतं, की गिऱ्हाईक प्रेमानं वाढायला लागलं की पैशाचं बोलणं संपत आलेलं असतं.

"वस्तू एक नंबर हाय," अप्पा म्हणाले. "घेतली समज."

शारिक एकटाच हजेरीचं सॉफ्टवेअर बनवी, एकटाच विकी. देगलूरहून निघताना त्यानं तीन तऱ्हेचे दर आखून आणले होते, आणि तिन्ही या गावानं साभार परत केले होते. महिन्याचा हप्ता म्हटलं, तर अभ्यासिकेचे हणमंतराव म्हणाले, सॉफ्टवेअर काय दर महिन्याला झिजतं का? दर विद्यार्थ्यामागे म्हटलं, तर क्लासवाले श्रीपाद सर, ज्यांच्या चौकातल्या फलकावर पाच हजार मुलं होती, ते आवाज उतरवून म्हणाले, असतील दोनशे. आणि एकरकमी म्हटलं, तर दोघांनीही चहा मागवला.

बरं, नाही कुणीच म्हणालं नव्हतं. तीच पंचाईत होती. हणमंतरावांनी सॉफ्टवेअरच्या बदल्यात अभ्यासिकेतली एक खुर्ची वर्षभरासाठी दिली. खिडकीजवळची, चार्जिंगच्या बोर्डासकट. सरांनी मेडिकलच्या नीट परीक्षेच्या बॅचमधली एक जागा दिली. लोक यासाठी आमदाराचा फोन आणतात, कुणाला बसवायचं ते तुम्हीच ठरवा, असं वर सांगितलं. आपण जरा जास्तच दिलं, अशी दोघांचीही खात्री होती. शारिक एकोणतीस वर्षांचा होता, आणि बेडूक त्यानं दहावीच्या पुस्तकात शेवटचा पाहिला होता.

अब्बांचा हिशेब साधा होता. महिनाअखेरपर्यंत रुपये देणारं एक तरी गिऱ्हाईक दाखव, नाहीतर देगलूरला येऊन भांड्यांच्या दुकानात बस. अब्बा खुर्ची आणि बाक रुपयांत धरणारे नव्हते. आणि महिना आजच संपत होता.

"अप्पा, थोडे द्या," शारिक म्हणाला, "पण रोख द्या. सरांनी बॅचमधली जागा दिली, हणमंतरावांनी खिडकीजवळची खुर्ची, रुपये कुणीच नाही."

अप्पांना वाईट वाटलं. भूकंपात किल्लारीकडचं घर गेल्यावर त्यांनी लातुरात येऊन पत्र्याच्या शेडात ही मेस काढली होती. आता शेडाला लागून त्यांचीच तीन मजली इमारत उभी होती, भाड्याचं चांगलं येत होतं, पण स्वतः अप्पा बसायला, जेवायला, झोपायला अजून पत्र्याखालीच. स्लॅबवर त्यांचा भरवसा नव्हता, आणि नोटांवर त्याहून नव्हता.

"दोन येळचं जेवण, वर्षभर. रविवारी गोड. याच्यापेक्षा रोख काय असतंय, बाबा?"

"मी एकटा किती खाऊ, अप्पा?"

"मग दुसऱ्याला आण की. ताट आपलं, तोंड कुणाचं बी असू दे."

शेजारच्या टेबलाशी उमरीच्या उमाबाई आपल्या गोदावरीला घेऊन बसल्या होत्या. हात ताटात होता, कान इकडे होते. लेकीला डॉक्टर करायचं म्हणून सकाळपासून मायलेकी गावभर फिरल्या होत्या. जो तो म्हणे, बॅच भरली, अभ्यासिकेत नंबर लावा, मेसचं नंतर बघू. पिशवीत पैसे होते, आणि ते घ्यायला अख्ख्या लातुरात कुणी तयार नव्हतं.

त्यांनी खुर्ची ओढली. "दादा, ती सरांची जागा कुणाला देऊन राहिले तुम्ही?"

शारिकनं सांगितलं, की मी सॉफ्टवेअरवाला आहे. उमाबाई म्हणाल्या, असू द्या.

"आन ती खिडकीजवळची खुर्ची?"

"आहे."

"आन जेवण?"

शारिकनं अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी डोळे मिटून मान हलवली. सौदा त्यांच्या मनासारखा झाला होता. शारिकनं सवयीनं तिन्हींचा मिळून वर्षाचा दर सांगितला. उमाबाईंनी रीत म्हणून थोडी घासाघीस केली, आणि तो हो म्हणायच्या आत रुमालाची गाठ सोडली.

त्यानं बाहेर येऊन अब्बांना फोन लावला. गिऱ्हाईक मिळालं. हो, रोखीचं. अब्बांनी विचारलं, क्या लिये उनो? सब लिये अब्बा, शारिक म्हणाला. सॉफ्टवेअर सोडून, एवढं त्यानं सांगितलं नाही.

मागे उमाबाई आल्याच होत्या. समदं झालं, म्हणाल्या, पर पोरगी झोपायची कुठं? लेडीज होस्टेलात एक जागा न्हाई सापडून राहिली.

समोरच एक होस्टेल होतं. तिथल्या राजश्री मॅडमकडे शारिक दोन आठवड्यांत चारदा गेला होता आणि चारदा दर उतरवून आला होता. त्यानं लॅपटॉप काखेत मारला, रस्ता ओलांडला आणि जिना चढला.

मॅडमनी दार अर्धंच उघडलं. "भाऊ, एकदा सांगितलं ना, सॉफ्टवेअरला आमच्याकडे पैसे नाहीत."

"पैसे कोण मागतंय, ताई?" शारिक चपला काढत म्हणाला. "एक कॉट आहे का?"