पंचाची सही

ओल्या फडक्यानं पाठ पुसताना ईश्वरदास मास्तरांचा हात थांबला.

पुनारामाला कुशीवर वळवून सुतार केवलरामानं त्याचा खांदा धरून ठेवला होता. मानेपासून कमरेपर्यंत काळेनिळे वळ होते. पट्ट्याचे. एका ठिकाणी तर बकलाचा चौकोन जसाच्या तसा उठला होता.

"तलावात पट्टे असतात का जी, मास्तर?" केवलरामानं विचारलं.

 सकाळीच ठाण्याच्या ओसरीवर मास्तरांनी पंचनाम्यावर सही केली होती. पाय घसरून तलावात पडला, बुडून मेला, अंगावर मारहाणीची खूण नाही. मढं चादरीत गुंडाळलेलं होतं. चादर उचला म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही. ठाणेदारानं बोट ठेवलं तिथं त्यांनी नाव लिहिलं.

गावात ख्रिस्ती घरं वीस आणि मास्तर त्यांचे उपदेशक. सरकार देवानं नेमलेलं असतं, त्याच्याशी वाद घालू नये, हे ते इंग्रज असल्यापासून शिकवत आले. इंग्रज गेले, शिकवण राहिली. साधी नोटीस आली तरी हा माणूस उठून उभा राहून वाचायचा. म्हणून तर ठाणेदाराला पंच म्हणून तेच हवे असत. पाद्री खोटं लिहीत नाही, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं.

दाराशी पुनारामाची बायको धुरपता उभी होती. परवा पाण्याच्या भांडणावरून शिपायांनी नवऱ्याला नेलं, तेव्हा ती मास्तरांकडेच धावली होती. "सरकार आहे बाई, विचारून सोडून देईल," असं मास्तरांनी तिला सांगितलं होतं.

तिनं पाठ पाहिली. रडली नाही.

"सही करताना पाह्यलं होतं का जी तुमी?"

"नाही, बाई."

"मंग लिवलं काऊन?"

मास्तरांनी खाली मान घालून फडकं पुन्हा पिळलं आणि उरलेली पाठ पुसली. 

चार वाजता पेटी चर्चमध्ये आणली. माती देण्याआधी झाकण काढतात, सगळे रांगेनं येऊन चेहरा पाहतात, फूल ठेवतात. ठाणेदारही आले होते, झेंडूचा हार घेऊन. पुढच्याच बाकावर बसले.

"जल्दी आटोपा, पास्टरजी."

मास्तरांनी नेहमीप्रमाणे राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना केली. राष्ट्रपतींसाठी, मंत्र्यांसाठी, कलेक्टरांसाठी, ठाण्यासाठी. एक नाव गाळलं नाही. ठाणेदारांनी समाधानानं मान डोलावली. मग मास्तर केवलरामाला म्हणाले, "काढ झाकण."

पेटीत पुनाराम पालथा होता. पाठ उघडी होती.

कुणीतरी किंचाळलं. म्हाताऱ्या शांतीबाईच्या हातातली फुलं खाली सांडली. ठाणेदार ताडकन उठले.

"ये क्या तमाशा है? उलटं काऊन ठेवलं? कागजावर सही आहे तुमची!"

"आहे ना जी." मास्तर पेटीपाशी येऊन उभे राहिले. "सरकारनं मले पंच केलं. पंचाचं काम पाहण्याचं. सकाळी म्या पाह्यलं नाही, ते पाप माहं. आता पाहून राहिलो. समदे पाहा."

"जेल में सड़ोगे!"

"सरकार नेईल तिथं येतो, साहेब. पण हे पाह्यलं, असंच सांगीन."

 मग धुरपता उठली. तिच्यामागे केवलराम, शांतीबाई, मग एकेक करत सगळे. फूल चेहऱ्यापाशी ठेवायचं असतं, आज कुठं ठेवावं ते कुणाला कळेना. धुरपतानं आपलं फूल त्या चौकोनावर ठेवलं.

ती बाजूला सरली आणि पेटीपाशी तिनं एका माणसापुरती जागा केली.

"या जी साहेब," ती म्हणाली. "हार आणला ना तुमी."

ठाणेदारांच्या एका हातात हार तसाच होता. दुसरा हात कमरेवर गेला आणि त्यानं बकल झाकलं.