उंबऱ्याबाहेर

फुलपाड्यातल्या नव्या फ्लॅटच्या दारात इनास ओठ घट्ट मिटून उभा होता. तो रक्तपिशाच होता, वसईत पोर्तुगीज होते तेव्हापासूनचा, पण दिसायला तिशीतला. घरमालकाने ‘ये’ म्हटल्याशिवाय त्याला कुठल्याच घरात शिरता येत नसे. म्हणून तो आणि कौस्तुभ दोन वर्षं नंदाखाल गावातल्या केळीच्या वाडीत भेटत होते, चिखल आणि डास सोसत. आता कौस्तुभने मुद्दाम घर घेतलं होतं. पलंगही आला होता. “ये ना आत,” तो पुन्हा म्हणाला. इनासचं पाऊल उचलेना. “घर तुझं नाहीये,” तो वैतागून म्हणाला. “अरे, नुसतं आईच्या नावावर आहे!” तेवढ्यात आईच मेणबत्ती घेऊन दारात आली, संध्याकाळपासून लोडशेडिंग होतं. “आई, याला आत ये म्हण ना.” तिने उजेड आधी इनासवर धरला, मग मुलाच्या मानेवरच्या दोन लाल खुणांवर. “डास चावला, डास चावला, किती दिवस ऐकायचं मी?” ती म्हणाली. “तो बाहेरच बरा. उद्या मुलीकडचे येणारेत.” कौस्तुभ तसाच अनवाणी बाहेर आला. “अरे, चपला तरी घाल!” आई ओरडली. त्याने जिन्यातच इनासची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं आणि स्वतःच्या शर्टाचं वरचं बटण काढलं. शेजारचं दार किलकिलं झालं. “लोक बघतायत,” इनास कुजबुजला. “बघू देत. कंटाळलो मी.” इनासचे थंड ओठ मानेवर टेकले, तेव्हाही कौस्तुभने आईवरची नजर हलवली नाही.