मागच्या दाराचं कुलूप

"एकेचाळीस," डेलिस फोनवर म्हणाली. "सिस्टीमच्या आवृत्तीचा शेवटचा आकडा एकेचाळीसच दिसतोय."

"मग खिंडार उघडंच आहे," पर्थहून संगणक-कंपनीचा ब्रेन्टन म्हणाला. "बेचाळीस दिसायला हवा."

मंगळवारची सकाळ होती. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातच, कर्नलमध्ये, चूक निघाल्याची बातमी जगभर झाली होती. साधा पासवर्ड हाती असलेला कोणीही क्षणात सगळ्या मशीनचा मालक होऊ शकत होता. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जेराल्डटनच्या या मदत केंद्रात चाळीस स्वयंसेविका होत्या. चाळीस पासवर्ड, त्यातले निम्मे कुत्र्यांच्या नावाचे. आणि मशीनमध्ये काय, तर नवऱ्यांच्या माराला कंटाळून पळालेल्या सात बायकांचे लपवलेले पत्ते.

"मग कर की दुरुस्त!"

"रांग आहे. पुढच्या बुधवारी तुमचा नंबर. बँका आधी."

"बँकेत कोणी बायकोला मारत नाही, ब्रेन्टन."

"नियम मी केलेले नाहीत, डेलिस."

नियम कोणीच केलेले नसतात. आभाळातून पडतात आणि बरोबर गरिबाच्या डोक्यावर पडतात.

मशीन बंद करावं, तर मदतीचे सगळे फोन त्यातूनच जात होते. एक तास बंद म्हणजे कोणीतरी बाई एक तास एकटी. केंद्रात मुख्य पासवर्ड फक्त मर्व्हला ठाऊक. मर्व्ह अडुसष्ट वर्षांचा, जन्म टेलिफोन खात्यात काढलेला, इथली यंत्रं फुकट सांभाळणारा. तो भावाच्या होडीवर क्रेफिश, म्हणजे शेवंड, पकडायला बेटांवर गेला होता. तिथे मोबाइलला रेंज क्वचितच लागायची. डेलिसने त्याला अकरा निरोप ठेवले. शेवटचा होता, "म्हाताऱ्या, मेलास की काय?"

मग तिला येत होतं ते तिने केलं. सातही पत्ते कागदावर उतरवले, मशीनमधून पुसले आणि कागद बुटात घातला.

बुधवारी आठवी बाई आली. टॅमसिन, काखेत आठ महिन्यांची मुलगी.

"नवरा काय करतो?" डेलिसने विचारलं.

"लॅकलन? पर्थमध्ये बसून खाणीतली यंत्रं चालवतो. हजार किलोमीटरवरून. हुशार आहे." टॅमसिनने मुलीच्या तोंडात बिस्किटाचा तुकडा दिला. "घरातही तसाच. काही मोडलं की लगेच नीट करणार. माझी आई म्हणायची, नशीब काढलंस बाई. कडी नीट, कुलूप नीट. आत मी, बाहेर किल्ली त्याच्याकडे."

डेलिसने किल्ल्यांचा डबा उघडला.

"तुला समुद्राकडचं घर देते," ती म्हणाली. "मागच्या दाराचं कुलूप तेवढं खिळखिळं आहे. या आठवड्यात माणूस पाठवून बदलून घेते."

"चालेल. खुर्ची लावून झोपेन. सवय आहे."

आठवा पत्ताही बुटात गेला.

गुरुवारी दुपारी फोन तीन मिनिटं मेले. मग आपोआप सुरू झाले. डेलिसने वाऱ्याला शिव्या घातल्या. या गावात झाडंसुद्धा वाऱ्यापुढे आडवी होऊन वाढतात, तारांचं काय घेऊन बसलात!

त्याच संध्याकाळी त्या सातांतल्या एका बाईने फोन केला. नवरा दाराशी, घरात दोन पोरं, एवढं सांगून फोन तुटला. फोनवरच्या स्वयंसेविकेने पोलिसांना पत्ता द्यायला मशीन उघडलं, तर पत्ता नाही. डेलिसला गाठून, बूट काढून, कागद उलगडून पत्ता सांगेपर्यंत नऊ मिनिटं गेली. बाई वाचली. हात मोडला.

शुक्रवारी डेलिस मशीनसमोर बसली. कागद घामाने मऊ पडला होता. मशीनमध्ये लिहावं तर चोराची भीती, न लिहावं तर हे असं. तिने सवयीने आकडा पाहिला.

बेचाळीस.

तिने चष्मा पुसून परत पाहिला. बेचाळीसच. दुरुस्ती बसल्याची वेळ गुरुवार दुपारची. म्हणजे ती तीन मिनिटं! दुरुस्तीनंतर मशीन बंद-चालू करावंच लागतं, हे मर्व्हनेच तिला शिकवलं होतं. कुठल्यातरी खडकावर चढून म्हाताऱ्याने रेंज पकडली असणार. ती एकटीच मोठ्याने हसली.

ब्रेन्टनचा फोन आला. "बुधवार पक्का ना?"

"बुधवार तुझ्या बँकांना दे. आमच्या माणसाने केलं. फुकट."

मग तिने आठही पत्ते मशीनमध्ये लिहिले आणि कागद जाळला. चार रात्रींत पहिल्यांदा तिला झोप लागली.

शनिवारी दुपारी मर्व्ह आला. नाक उन्हाने सोललेलं, हातात क्रेफिशची बादली. डेलिसने त्याला मिठी मारली.

"तुझ्या पाया पडायला हवं, म्हाताऱ्या!"

"पड की. पण कशासाठी?"

"कर्नल दुरुस्त केलास ना, गुरुवारी."

"पोरी, मी नऊ दिवस बेटावर होतो. भावाचा मोबाइल समुद्रात, माझा पहिल्याच दिवशी भिजून मेला. तुझे निरोप आत्ता धक्क्यावरच्या फोनवरून ऐकले." त्याने बादली खाली ठेवली. "पर्थवाल्यांनी केलं का?"

"नाही."

मर्व्ह मशीनसमोर बसला. गुरुवारच्या नोंदी एकेक करून वाचल्या. बादलीत क्रेफिश एकमेकांवर चढत होते.

"डेलिस," तो हळूच म्हणाला, "आधी आत शिरलेल्या माणसालाच मागून दुसरं कोणी यायला नको असतं, म्हणून खिंडार तोच बुजवतो. तू यात काही लिहिलंस का?"

डेलिसने फोन उचलला. समुद्राकडच्या घरी लावला. दोन वेळा चुकला, तिसऱ्यांदा लागला.

"अगं, तुलाच करणार होते," टॅमसिनचा आवाज चार दिवसांत पहिल्यांदा मोकळा होता. "सकाळी उठून बघते तर मागच्या दाराला कोरं करकरीत कुलूप! माणूस कधी येऊन गेला, कळलंसुद्धा नाही. देव तुझं भलं करो. किल्ली कुठे ठेवलीय, तेवढं सांग."