पदवी (व्हायोलिन), नग एक

मुलीला संगीत महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तोही निम्मी फी माफ होऊन. पण पत्र गुरुवारी आलं आणि मुदत बुधवारी पाचला संपली होती. तेव्हा ते आलंच नाही. मुलीला प्रवेशबिवेश काही मिळालेला नाही. पुढचं त्या बेताने वाचावं.

शनिवार, दुपारचे सव्वातीन. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी खरेदी समितीची बैठक भरली होती. अध्यक्ष आई. सदस्य बाबा. मुलगीही होती, पण ती मागणीदार विभाग. मागणीदार विभागाला खुर्ची मिळते, मत मिळत नाही.

आई सरकारी भांडारात खरेदी अधिकारी होती. बावीस वर्षांत तिने टाचण्यांची डबीसुद्धा तीन बंद दरपत्रकं मागवल्याशिवाय घेतली नव्हती, आणि तिच्या सहीवर एक आक्षेप निघाला नव्हता. मुलगी म्हणाली, मला व्हायोलिन वादनात पदवी घ्यायचीय. आईने त्याच संध्याकाळी तीन महाविद्यालयांना पत्रं धाडली: पदवी (व्हायोलिन वादन), नग एक, पुरवठा चार वर्षांत, दर बंद लिफाफ्यात, बुधवारी पाचच्या आत कळवावा. मुलीला वाटलं, कुणी ढुंकूनही बघणार नाही. तिघांनीही उत्तर दिलं. शिक्षणक्षेत्राबद्दलचा तिचा उरलासुरला आदर तिथेच गेला.

त्यातल्या दोघांनी नुसता दर कळवला. तिसऱ्याने आधी मुलीला वाजवून दाखवायला बोलावलं. त्यात चार दिवस गेले. उशीर झाला तो तेवढ्यानेच.

"पहिल्याचा दर सगळ्यात कमी," आईने तक्त्यावर पट्टी धरून वाचलं. "ह्यांनाच देऊ काम."

"आई, त्यांच्याकडे व्हायोलिनला शिक्षकच नाहीत. त्यांनीच लिहिलंय. जागा रिक्त, तोवर ट्रम्पेटचे सर बघतील."

"बघतील म्हटलंय ना?"

"आणि वादनाची परीक्षा लेखी आहे!"

"मग बरंच की. पेपर राहतो, पुरावा राहतो. वाजवलेलं कुठे फाइलला लावणार?"

बाबा हसले. मग मुलीकडे बघून त्यांनी ते हसू परत घेतलं.

"तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी चाळीस मिनिटं ऐकलं माझं," मुलगी म्हणाली. तिने डावा हात टेबलावर पालथा ठेवला. "मग काही न बोलता माझा अंगठा अर्धं बोट मागे सरकवला. बस्स. तीन वर्षं मनगट दुखत होतं, ते थांबलं. तिथे चार वर्षं काय काय सरकेल, कळतंय का तुला?"

आईने तक्ता डावीकडून उजवीकडे नीट पाहिला. "अंगठ्याचा रकाना नाहीये."

तिसरा लिफाफा टेबलाच्या मधोमध पडला होता, चिकटवलेला तसाच. त्यावर आईच्या अक्षरात, लाल शाईत: मुदतीनंतर प्राप्त, न उघडता दप्तरी दाखल. आत पालकाने सही करून द्यायचा कागद होता. तो आज पाचच्या आत पोहोचला नाही, तर जागा पुढच्या नावाला जाणार होती.

"बाईंनी फोनवर सांगितलेलं तू ऐकलंस. निम्मी माफी धरली तर हे पहिल्यापेक्षाही स्वस्त पडतंय!"

"तोंडी दर ग्राह्य नसतो."

"मग उघड की लिफाफा!"

"मुदतीनंतरचा लिफाफा उघडला तर उरलेल्या दोघांवर अन्याय होतो."

"आणि माझ्यावर?"

"तू पुरवठादार नाहीस."

मुलीने बाबांकडे मोर्चा वळवला. "बाबा, तुम्ही उघडा."

"एकट्या सदस्याला अधिकार नसतो गं," बाबा म्हणाले आणि चहाच्या रिकाम्या कपात काहीतरी महत्त्वाचं शोधू लागले.

"घाबरट."

"तशी नोंद घ्यायची का?" बाबांनी आईला विचारलं.

आईने पेन खाली ठेवलं. तिचा आवाज उतरला होता. "तुला वाटतं मला कळत नाही? पण आज तुझ्यासाठी एक लिफाफा उघडला, की सोमवारी ऑफिसात कुठल्या तोंडाने कुणाला नाही म्हणू? बावीस वर्षं त्या एका नाहीवर जगलेय मी."

हे ती खरंच बोलत होती. म्हणूनच मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं बोलणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं.

तिने आईच्याच गठ्ठ्यातला एक कोरा कागद ओढला. समास आखला. पाच मिनिटं ती लिहीत राहिली. पेन इतकं दाबून, की टेबलाच्या कापडावरही अक्षरं उमटली. मग तिने कागद आईपुढे सरकवला. आईने सवयीने आधी आवक क्रमांक टाकला, तारीख टाकली, आणि मग वाचायला घेतलं.

प्रति,
मा. अध्यक्ष, खरेदी समिती,
स्वयंपाकघर.

विषय: अर्जदाराचा जन्म रद्द करणेबाबत.

महोदया,

सतरा वर्षांपूर्वी या घरात मुलगी, नग एक, आणण्यात आली. त्यावेळी इतर कुठूनही दर मागवण्यात आले नव्हते, तुलनात्मक तक्ता करण्यात आला नव्हता, आणि प्रत्यक्ष पुरवठाही दिलेल्या तारखेनंतर नऊ दिवसांनी झाला, असे आपणच वेळोवेळी सांगितले आहे. तरीही मुदतीनंतर आलेली सदर मुलगी आपण स्वतःच्या हाताने उघडून घेतली. हा आक्षेप गंभीर आहे.

तरी सदर मुलगी पूर्वलक्षी प्रभावाने नामंजूर करून, आली तिथे परत पाठवण्यात यावी, आणि सोबत तिचे व्हायोलिन तेवढे देण्यात यावे, ही विनंती.